बिननोंदणीचे हात

म्हातारीच्या गालावरून माझा हात पुसून काढला. स्पिरिटच्या बोळ्याने. मी समोर उभी असताना.

कणकवलीतल्या एका खासगी हॉस्पिटलची स्पेशल रूम. एसी. खिडकीला पडदे. बेडवर सत्तरी ओलांडलेली बाई, दम्याने पार थकलेली. तिच्या नाकातोंडावर श्वासाच्या मशीनचा मास्क होता आणि तो नीट बसत नव्हता. कडेने हवा फुसफुसत बाहेर जात होती. मी पट्टा सैल केला, मास्क जरा वर घेतला, गालाला बोट लावून कड दाबली, पट्टा पुन्हा ओढला. फुसफुस थांबली. म्हातारीने डोळे उघडले आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. तिला बोलता येत नव्हतं. पण बरं वाटलं होतं, ते कळत होतं.

सोफ्यावर तिचा मुलगा बसलेला. पन्नाशीचा. आंब्याच्या बागा, काजूचा कारखाना, गावात शब्द चालणारं घर. त्याने मला विचारलं, "खंयची गो तू?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"वाडी खंयची?"

आमच्याकडे जात कोणी विचारत नाही. वाडी विचारतात. वाडी सांगितली की सगळं सांगून होतं. मी सांगितली. बौद्धवाडी.

तो उठला. मोबाइल घेऊन बाहेर गेला. थोड्या वेळाने त्याच्यासोबत सर आले. सर म्हणजे हॉस्पिटलचे मालक, मोठे डॉक्टर. आवाज नेहमी मऊ. तसल्याच मऊ आवाजात ते म्हणाले, "बाळ, तू बाहेर ये. तू अजून विद्यार्थिनी आहेस. तुझी नोंदणी झालेली नाही. नियमाप्रमाणे तू एकटीने पेशंटला हात लावू शकत नाहीस."

"नियम म्हणजे नियम," मुलगा म्हणाला. आता तोही शुद्ध बोलायला लागला होता.

मग सिस्टर आली. माझ्या हातून लागलेला मास्क काढला, नवीन आणला. तो लावायच्या आधी मुलाने बोट दाखवलं, इथे, इथे. सिस्टरने बोळा स्पिरिटात भिजवला आणि म्हातारीचा गाल पुसला. माझं बोट जिथं लागलं होतं नेमका तिथं. सिस्टर माझ्याकडे बघत नव्हती. म्हातारी बघत होती. तिला काय चाललंय ते कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

बाहेर पॅसेजमध्ये सर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. मोठी माणसं आहेत. तू खाली जनरलच्या आयसीयूत जा. तिथली मशीनं आज तूच बघ. मी ओपीडीत आहे."

मी जिना उतरायला लागले. अर्ध्यावर थांबले.

वर मास्कच्या पट्ट्याला हात लावायचा नाही, कारण नोंदणी नाही. खाली जिवंत माणसांचे श्वास एकटीने सांभाळायचे. तोच हात. तोच नियम. मध्ये फक्त एक जिना.

मला राग यायला हवा होता. आधी आली ती शरम. आणि ती गालाच्या बोळ्याची नव्हती. खालच्या मजल्याची होती.

*

माझी आई काजूच्या कारखान्यात काम करते. चिकाने तिची बोटं काळी पडलेली, कातडं सोललेलं. आमच्या वाडीत बारावीच्या पुढे गेलेल्या मुली थोड्या. कोरोनाच्या वेळी गावागावात व्हेंटिलेटर हा शब्द पोचला. मशीन आहे पण चालवणारं माणूस नाही, असं सगळे म्हणत होते. त्यानंतर मी रेस्पिरेटरी थेरपीला प्रवेश घेतला. श्वासाचं शिक्षण. आई वाडीत सांगत फिरायची, "माझा चेडू लोकांका श्वास देता." चेडू म्हणजे पोरगी.

कॉलेजात आम्हाला फिलोमिना टीचर होत्या. वेंगुर्ल्याकडच्या, अर्धं आयुष्य गोव्यात नोकरी केलेली बाई. उंच, केस पिकलेले, हसणं कमी. पहिल्याच वर्षी त्यांनी नियम शिकवले. शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी. विद्यार्थ्याने नोंदणी असलेल्या माणसाच्या नजरेखालीच काम करायचं. तो माणूस त्याच खोलीत हवा, फोनवर नको. स्वतःला थेरपिस्ट म्हणवून घ्यायचं नाही. शिक्षण आणि इंटर्नशिप पुरी झाली की राज्याच्या परिषदेकडे नोंदणी करायची. नोंदणीशिवाय धंदा करणं गुन्हा.

आम्ही जांभया देत होतो. एकीने विचारलं, "टीचर, हे सगळं आमच्यावरच का? डॉक्टर तर काहीही करतात."

टीचर म्हणाल्या, "हा नियम तुझ्यासाठी नाही. बेडवर आहे त्याच्यासाठी आहे. त्याच्या तोंडात नळी आहे. त्याला विचारता येत नाही, बाई तू कोण, तुला हे येतं का. म्हणून त्याच्या वतीने राज्य विचारतं."

मी ते वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेत तसंच्या तसं लिहिलं. मार्क मिळाले. पुढे विसरले.

इंटर्नशिपला या हॉस्पिटलात आले तेव्हा आयसीयूच्या दाराशी एक सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं होतं. नोंदणी असलेल्या थेरपिस्टचं. तो माणूस गोव्यात नोकरीला. तपासणी असली की यायचा, पांढरा कोट घालायचा, चहा प्यायचा, जायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. पहिल्या आठवड्यात मी घाबरून सरांना विचारलं, "सर, माझ्यासोबत कोण?"

"मी आहे ना," सर म्हणाले. आणि ओपीडीत गेले.

आता जे सांगायचं ते हे, की मला ते आवडायला लागलं. खोटं कशाला बोलू. जनरलच्या आयसीयूत येणारी माणसं कोण? होडीवर खलाशी जाणारी. खडी क्रशरवरची. दुसऱ्याच्या काजूच्या बागेत राखण करणारी. ती मला मॅडम म्हणायची. काहीजण डॉक्टर म्हणायची. मी सुधारत नव्हते. ज्या गावात आमच्या आईला अजून पाणी वरून ओततात त्या गावची माणसं इथं माझ्यापुढे हात जोडून उभी राहायची. मला तो शब्द गोड लागला.

एक बाई होती. कुडाळच्या बाजारात मासे विकणारी. व्हेंटिलेटरवर. दुपारी तिचं मशीन ओरडायला लागलं. आत दाब वाढतोय असा तो आवाज. नळीत कफ अडकला असेल, नाहीतर फुप्फुसालाच काही झालं असेल. दोन्हींचे उपाय वेगळे. मला कळेना. सरांना फोन लावला, उचलला नाही. सिस्टर माझ्याकडे बघत होती, कारण तिच्या दृष्टीने मशीनचं माणूस मी. मी नळीतून कफ ओढून घेतला. तरी आवाज थांबेना. मग मी मशीनवरचा एक आकडा खाली आणला. कशाच्या आधारावर? कशाच्याच नाही. अंदाज. आवाज थांबला.

ती बाई वाचली. माझ्यामुळे की मी असूनही, मला आजही माहीत नाही. तिच्या मुलीने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "मॅडम, तुमी होतात म्हणान माझी आवस रवली."

मी हसले. काही हरकत नाही म्हणाले. एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखी.

त्या हसण्याची मला आज जेवढी शरम वाटते तेवढी दुसऱ्या कशाची नाही. गालावरचा बोळा मी विसरू शकेन. तो माझा अपमान होता. हे हसणं मी दुसऱ्याचा केलेला अपमान होता.

*

तर त्या दिवशी मी जिना उतरून खाली आले. जनरलच्या आयसीयूत लक्ष्मणकाका होते. खडी क्रशरवर जन्म काढलेला माणूस. फुप्फुसं दगडाच्या धुळीने भरलेली. बसल्या जागी धापा टाकत होते. नाकातोंडावर मास्क. शेजारी त्यांची बायको, सुलभाकाकी. स्टुलावर पाय वर घेऊन बसलेली, नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन.

काकींनी मला विचारलं, "खंयची गो बाय तू?"

सांगितलं.

"वाडी?"

थोड्याच वेळापूर्वी वर हाच प्रश्न झाला होता. मी हळू आवाजात सांगितलं.

काकींचा चेहरा फुलला. "अगो, मगे आमचीच तू. माझी मावशी तुमच्याच वाडीत आसा." नवऱ्याच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "आयकलास? आपला चेडू आसा. आता काय भियाचा नाय."

लक्ष्मणकाकांनी मास्कच्या आतून मान हलवली.

तो दिवस मी त्यांच्याजवळ काढला. मास्क नीट केला, पाठीवर थापटून कफ मोकळा केला, ओठ ओले केले. एकटीने. नोंदणी नसताना. आणि सगळा वेळ डोक्यात एकच चाललं होतं. वर जे मला नको म्हणाले ते माझ्या वाडीमुळे म्हणाले, खरं आहे. पण त्यासाठी त्यांनी उचललेला नियम खोटा नव्हता. त्या म्हातारीला नोंदणी असलेलं माणूस मिळायलाच हवं होतं. मग लक्ष्मणकाकांना का नको? माझी माणसं आहेत म्हणून? त्यांना काय, अर्धं शिकलेली पोर चालते?

आणि त्यांना अर्धं शिकलेलं चालवून घेणारी कोण? सर एकटे नव्हते. मीही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मणकाका आणखी खालावले. मास्क पुरेना. डोळे फिरायला लागले. सर आले, त्यांनी स्वतः घशात नळी घातली, व्हेंटिलेटर जोडला. काम चोख केलं, तेही सांगायला हवं. मग हातमोजे काढले, टोपलीत टाकले आणि मला म्हणाले, "आता तू सांभाळ."

मी म्हणाले, "सर, मी नाही सांभाळणार."

"काय?"

"माझी नोंदणी नाही."

सिस्टर हातातलं काम सोडून बघायला लागली. सर माझ्याकडे वळले. त्यांना हसूच आलं जरासं.

"काल वरती जे झालं त्याचा राग आहे का हा?"

"काल वरती तुम्हीच सांगितलं, सर. एकटीने हात लावायचा नाही."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

मी म्हणाले, "नोंदणी असलेल्या माणसाला बोलवा. नाहीतर तुम्ही इथं थांबा. तुमच्या हाताखाली मी लागेल तितका वेळ उभी राहते. सांगाल ते करते. एकटी नाही."

"तू इथं शिकायला आलीस की आम्हाला शिकवायला?" आवाजातला मऊपणा गेला होता. "ओपीडीत माणसं ताटकळलीत. माझ्याकडे एवढा वेळ नाही."

मला वाटलं होतं, ते थांबतील. खरंच वाटलं होतं. इतका गंभीर पेशंट समोर असताना डॉक्टर थांबेल, चिडेल, मला चार शिव्या घालेल, पण थांबेल. मग फोन करील आणि त्या गोव्यातल्या माणसाला बोलावून घेईल. माझा सगळा नकार या एका भरवशावर उभा होता.

सर बाहेर गेले आणि सुलभाकाकींना म्हणाले, "ताई, मशीन आहे आमच्याकडे. पण ही मुलगी ते चालवायला तयार नाही. मी तरी काय करणार? गोव्याला न्या. ॲम्ब्युलन्स देतो."

काकी आत आल्या. माझ्याकडे बघितलं.

"बाय, तू करतंस मां?"

मी म्हणाले, "काकी, माका एकटीक करूची परवानगी नाय."

"काल करी होतंस."

"होय."

त्या वळल्या. नवऱ्याच्या पायावरची चादर नीट करायला लागल्या.

ॲम्ब्युलन्स दाराशी लागली. लक्ष्मणकाकांना मशीनवरून काढून हाताने दाबायच्या फुग्यावर घेतलं. हा फुगा दाबला की फुप्फुसात हवा जाते. किती दाबायचा, किती वेळाने, ते हाताला शिकवावं लागतं. फुगा दाबायला सरांनी वॉर्डातल्या मामांना बसवलं. मामा म्हणजे स्ट्रेचर ढकलणारा, लादी पुसणारा साधा माणूस.

मी धावत गेले. "सर, तुम्ही सोबत जा, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांना पाठवा. मीही येते. मी फुगा धरते."

सर म्हणाले, "कुठल्या अधिकाराने? तुझी नोंदणी नाही ना?"

आणि ॲम्ब्युलन्सचं दार लावून घेतलं.

त्याच हातांनी वर मला हटवलं. त्याच हातांनी खाली मला जुंपलं. आणि आता तोच नियम लावून एका माणसाच्या तोंडावर दार बंद केलं. मी तिथं उन्हात उभी राहिले. ॲम्ब्युलन्स हायवेला लागेपर्यंत.

मी त्या दाराला लटकायला हवं होतं. अंगावर धावून जायला हवं होतं. मी नियम पाळत उभी राहिले.

संध्याकाळी मामा परत आले. नळाखाली खूप वेळ हात धूत होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "गोव्याची हद्द येवच्या आधीच, इन्सुलीचो नाको सोडलो आणि गेलो तो. मी फुगो दाबीतच होतंय. माका समाजलाच नाय. ती बाई माका म्हणता, थांबलास कित्याक, दाबा. म्हणान मी फुडे पण दाबीत रवलंय." मग ते म्हणाले, "माका कोणी शिकवक नाय गो ह्या."

*

सरांनी कॉलेजला कळवलं, मुलगी उद्धट आहे, कामाला नकार देते, हिच्यामुळे पेशंट दगावला. माझी इंटर्नशिप थांबली.

मी आईला सगळं सांगितलं. आई चुलीपुढे बसली होती. ऐकून घेतलं. म्हणाली, "तुका करूक येय होता ता?"

"थोडा येय होता."

"मगे करूचा मां गो. गरिबाक थोडा पण खूप."

मी तिच्यावर चिडले. म्हणाले, "आये, गरिबाक थोडाच कित्याक?" आईने चुलीत लाकूड सारलं. ती बरोबर होती की मी, अजून भांडण मिटलेलं नाही आमच्यात.

फिलोमिना टीचरनी मला बोलावलं. कॉलेजच्या मागच्या पायरीवर बसवलं. स्वतःही बसल्या. "तुला काय वाटतं, तू चुकलीस?"

"नाही."

"मग रडतेस का?"

"तो माणूस मेला, टीचर."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. समजूत घातली नाही. मग म्हणाल्या, "त्या हॉस्पिटलात मुलं पाठवली ती मी. ते सर्टिफिकेट मीही बघितलं होतं. तो माणूस तिथं नसतो, हे विचारायचं मी टाळलं. मुलांना शिकायला दुसरी जागा नव्हती." त्यांनी आमच्या वर्गातल्या सगळ्यांना तिथून काढून घेतलं. दुसरीकडे सोय होईपर्यंत सगळ्यांचा वेळ गेला. काहीजणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्या घरीही कोणीतरी वाट बघत होतं.

मला एका प्रश्नाने पोखरलं. नकार द्यायला मी तीच सकाळ का निवडली? आधीच्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन हेच सांगू शकले असते. पहिल्या आठवड्यात सांगू शकले असते, कोणाच्या घशात नळी नसताना. मासेवाल्या बाईच्या दुपारनंतर सांगू शकले असते. तेव्हा मी हसत होते. माझा स्पर्श बोळ्याने पुसला गेला तेव्हा मला नियम आठवला. मग तो नियम मी लक्ष्मणकाकांसाठी उचलला की स्वतःसाठी? माझ्या अपमानाचा हिशेब मी त्यांच्या बेडशेजारी चुकता केला का?

मी स्वतःला हजारदा विचारलंय. नाही म्हणायला तोंड उघडते आणि आवाज फुटत नाही.

उन्हाळा संपत आला तेव्हा मी सुलभाकाकींच्या घरी गेले. खळ्यात त्या रातांब्याची, म्हणजे कोकमाची, सालं वाळत घालत होत्या. बोटं लाल. मला बघून थांबल्या नाहीत.

मी म्हणाले, "काकी, मी ती..."

"वळाखलंय."

मी उभी. त्या सालं पसरत राहिल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "तुका येय होता मां ता?"

मी सगळं सांगितलं. की मी शिकत होते. की मला अर्धंच येत होतं. की मशीन ओरडलं असतं तर काय करायचं ते मला नक्की ठाऊक नव्हतं. की आधी एकदा मी अंदाजाने आकडा फिरवला होता. की वरच्या मजल्यावर मला हात लावू दिला नव्हता. की नोंदणी असलेलं माणूस ठेवणं त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी केलं नाही.

काकींनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "तुझा सगळा बरोबर आसात. पण मी त्येंका काय सांगल्लंय? आपला चेडू आसा, भियाचा नाय."

मला बस म्हणाल्या नाहीत. पाणी विचारलं नाही. आमच्याकडे शत्रूलाही पाणी विचारतात. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले आणि निघाले. मी पाणंदीला लागेपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही.

*

पुढे मी इंटर्नशिप दुसऱ्या ठिकाणी पुरी केली. तिथं नोंदणी असलेल्या एक बाई होत्या. पहिल्या दिवशी त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि माझा हात चुकायला लागला तिथं त्यांनी मनगट धरलं. एवढंच. चूक झाली नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. इतकं सोपं होतं ते. एक माणूस मागे उभं राहायचं.

माझी नोंदणी झाली. आता मी कुडाळला काम करते. नोंदणी हातात आल्यावर पहिलं काम मी केलं ते म्हणजे परिषदेकडे त्या हॉस्पिटलची तक्रार. टीचरनीही सही केली, स्वतःची कबुली देऊन. खूप दिवस काही झालं नाही. मग चौकशी लागली. चौकशी होईपर्यंत जनरलचा आयसीयू बंद ठेवायला सांगितलं. स्पेशल रूम चालू आहेत.

म्हणजे आता कणकवलीच्या आसपास कोणाचा श्वास अडकला आणि खिसा रिकामा असला, तर त्याला पुन्हा गोव्याचा रस्ता. बाजारात लोक म्हणतात, त्या पोरीमुळे बंद झालं. मी ऐकते. खोटं नाही ते. रस्त्यावरून सायरन गेला की मी काम थांबवते. आत कोण असेल, फुगा कोणाच्या हातात असेल.

परवा हॉस्पिटलचा मॅनेजर आमच्या घरी आला. सोबत मिठाई. खुर्चीवर बसला, आईच्या हातचा चहा घेतला, सगळा घेतला. काम असलं की आमच्या घरचं चालतं, हे शिकलीत ही माणसं आता. म्हणाला, "मॅडम, तुमची साक्ष आहे. तुमच्या चांगल्यासाठी सांगतो. तुम्ही त्या आयसीयूत मशीन हाताळत होता, तेही नोंदणी नसताना. हे बाहेर आलं तर तुमच्यावर पण येईल. तुमचीच नोंदणी जाईल. तुम्ही एवढंच सांगा, सर कायम शेजारी उभे असायचे. त्यांचंही वाचेल, तुमचंही वाचेल."

"आणि लक्ष्मणकाकांचं?"

"ते दुर्दैवी होतं," तो म्हणाला.

आई दारात उभी होती. चिकाने काळी झालेली बोटं पदराला पुसत. मला वाटलं, ती म्हणेल, घे ऐकून. तिने सगळी जिंदगी माझ्या या नोकरीसाठी घातली आहे. ती माझ्याकडे बघत होती. मग त्याला म्हणाली, "मिठाई घेवन जा तुमची." आणि आत गेली. आत जाऊन रडली. तेही मी ऐकलं.

चौकशी समितीपुढे मी जाणार आहे. काय सांगायचं ते ठरलंय. मोठ्या घरातल्या म्हातारीचा गाल पुसला, ते सांगेन, पण शेवटी. आधी सांगेन मी किती माणसांना एकटीने हात लावला. नावं आठवतील तेवढी नावं घेईन. मासेवाल्या बाईचा आकडा मी अंदाजाने फिरवला, ते सांगेन. शेजारी कोणी नव्हतं, ते सांगेन. मग लक्ष्मणकाकांचं नाव घेईन, त्यांना मी नकार दिला, तो कोणत्या रागात दिला, तेही सांगेन. समिती विचारील, हे सगळं करताना तुझी नोंदणी होती का. मी नाही म्हणेन.

नियम त्यांना लावायचा तर मला आधी लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. माझी नोंदणी काढून घेतली तर आईबरोबर काजूच्या कारखान्यात बसेन. हात काळे होतील. पण कोणाच्या तोंडात नळी असताना, त्याला विचारता येत नसताना, त्याच्याशी खोटं बोलणारे हात पुन्हा माझे नसतील.